मापांची वही

माझ्या वहीत तिची कंबर आधी आली, नाव नंतर.
बावीस इंच. सत्तेचाळीस सालचा ऑगस्ट.
तोंडात टाचण्या धरल्या की बोलता येत नाही,
म्हणून ऐकू जास्त येतं.
त्या दुपारी फिटिंगच्या खोलीत ऐकलं,
लुडमिला हावरानेक हे नाव
पोस्टरवर एका ओळीत मावत नाही,
मावलं तरी लोकांच्या जिभेवर टिकत नाही.
साहेबांचा सिगार विझायच्या आत
नेब्रास्काच्या गव्हातून आलेली ती पोर
लेनोर फेन झाली.
मी जुनी पट्टी उसवली, नवी शिवली
कॉलरच्या आत, जिथे कॅमेरा पोचत नाही.

पहिल्या सिनेमाचं सहा दिवस काम.
हिरवा रेशमी झगा, बेचाळीस हुकं.
पडद्यावर आलं ते तिचं कोपर.
दाराच्या चौकटीशी, डावीकडे, निमिषभर.
उरलेली ती संकलकाच्या टोपलीत.
कोपर बघायला तीनदा तिकीट काढून गेली,
तिसऱ्यांदा मला घेऊन.
अंधारात माझा हात दाबून म्हणाली,
"इनेझ, बाहीची शिवण बघ काय बसलीय!"

त्यानंतर कॉफी ओतणारी.
पुन्हा कॉफी ओतणारी.
एकदा ओतता ओतता तिनं नायकाकडे असं पाहिलं
की कप भरून वाहिला
आणि दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला.
त्या सांडलेल्या कॉफीवर तीन वर्षांचा करार.
चोवीस इंच.

करार संपला तेव्हा न्यूयॉर्कला गेलो, दोघी.
तिथली थंडी माझ्या बोटांत अजून आहे.
नाटकात तिला चाळीस सेकंदांत
विधवेची नवरी व्हायचं असे,
विंगेत, मिट्ट काळोखात.
एका शनिवारी चेन अडकली.
मी तिला झग्यात शिवूनच टाकलं, बारा टाके.
सोमवारी पेपरात छापून आलं,
'तिच्या पाठीतदेखील एक वेदना आहे.'
खरं होतं.
एक टाचणी राहिली होती.

टेलिव्हिजननं तिची एकोणीस वर्षं घेतली.
डॉक्टरांची बायको, रोज दुपारी दीड वाजता.
पांढरं चमकतं म्हणून ब्लाउज निळे,
आणि कॅमेरा कंबरेखाली उतरत नाही म्हणून
पायात सपाता.
लेखकांनी तिला लिफ्टच्या खड्ड्यात ढकललं,
पत्रांची पोती आली
तेव्हा जुळी बहीण म्हणून वर काढलं.
ब्लाउज तोच. मी फक्त बटणं बदलली.
बरबँकच्या दुकानात एक बाई
कांदे निवडता निवडता तिच्यावर कडाडली,
"डॉक्टरांसारख्या देवमाणसाला फसवतेस?"
"चुकलं माझं," ती म्हणाली,
आणि खरोखर रडली, कांद्यांशेजारी.
एकतीस इंच. वहीत मी तीस लिहिलंय.

आता ती डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात असते.
तिथल्या लाँड्रीचा नियम आहे,
प्रत्येक कपड्यावर नाव हवं.
मी सुई घेऊन गेले.
दोरा तिनंच ओवून दिला, माझे डोळे गेलेत.
"कुठलं शिवू?"
तिनं विचारलं, "पट्टी केवढी आहे?"
"दोन इंच."
बोटांवर काहीतरी मोजलं, ओठ हलवत.
"हावरानेक मावेल?"
"मावेल. बारीक टाका घालते."

पण लाँड्री ती लाँड्री.
पुढच्या गुरुवारी भलताच स्वेटर आला, लोकरी, जांभळा,
आत पट्टी: श्रीमती प्रुइट, खोली अकरा.
मी परत करायला उठले तर म्हणाली, "थांब."
अंगात घातला. उजवा खांदा थोडा पाडला.
गुडघा दुखतो तशी चालत
जेवणघरात गेली, दुसऱ्याच आवाजात
साखर मागितली.
खोली अकरामधली बाई बघत राहिली,
मग आपला खांदा चाचपून पाहिला.

कंबर मोजायची राहून गेली त्या दिवशी.